लायब्ररीने १४ टप बांगडा गिळला: डॉक्युमेंट डेटाबेसची क्लायंट लायब्ररी कशी असावी?

भरतीओहोटी · ४ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. १ जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारल्या. ३१ जुलैपर्यंत बंदरावर शुकशुकाट, म्हणजे मलाही दोन महिने मोकळे. या दोन महिन्यांत एक पाप निस्तरायचं आहे, म्हणून हा धागा.

हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावाचा हिशेब ठेवणारं एक छोटं ॲप मी चालवतो. सहा फोन, एक भाड्याचा सर्व्हर, त्यावर काउचडीबी हा डॉक्युमेंट डेटाबेस. प्रत्येक होडीची रोजची पावती म्हणजे एक डॉक्युमेंट: होडीचं नाव, कोणती मासळी किती टप (म्हणजे मासळी भरायचे टब), कुठल्या भावाने गेली, बर्फ, डिझेल, हमाली. डॉक्युमेंट डेटाबेस घेतला तो मुद्दाम. एका होडीला नुसता बांगडा, दुसरीला सतरा प्रकारची मासळी, तिसरीची जाळी फाटली म्हणून उचल दिलेली. हे सगळं तक्त्याच्या ठरावीक रकान्यांत कोंबत बसायचं नव्हतं. शिवाय ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर इकडे कित्येक दिवस वीज नव्हती. नेट नसताना चालणार नसेल ते इथे चालतच नाही, हे तेव्हाच ठरलं होतं.

ॲप आणि डेटाबेस यांच्यामध्ये मी लिहिलेली एक लायब्ररी, म्हणजे कोडचा एक थर, आहे. नेट नसेल तर ती लिहायचं काम फोनमध्ये रांगेत ठेवते, नेट आलं की पाठवते. तिच्यात एक फंक्शन होतं, ज्याचा मला फार अभिमान होता:

जतन(दस्त):
— सर्व्हरला पाठव
— ४०९ आला तर ताजा रेव्ह आण, दस्तात टाक, पुन्हा पाठव

ज्यांना काउचडीबी माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक डॉक्युमेंटला एक रेव्ह म्हणजे आवृत्तीचा शिक्का असतो. लिहिताना तुम्ही पाहिलेला शेवटचा शिक्का सोबत द्यायचा. मधल्या वेळात दुसऱ्या कुणी बदल केला असेल तर शिक्का जुळत नाही आणि सर्व्हर ४०९ देऊन तुम्हाला परत पाठवतो. मला तो ४०९ म्हणजे कटकट वाटायची. ॲप लिहिणाऱ्याला ती दिसूच नये म्हणून मी लायब्ररीत गिळून टाकली.

गेल्या मोसमात एका संध्याकाळी वाळूवरच्या फोनने एका होडीच्या पावतीत १४ टप बांगडा चढवला. बर्फवाल्याकडच्या फोनने तीच पावती आधी उघडलेली होती, त्यात बर्फाचे पैसे टाकले, पण तिकडे रेंज नाही. चाळीस मिनिटं ते काम रांगेत पडून. रेंज आली, लायब्ररीने पाठवलं, ४०९ आला, लायब्ररीने शहाणपणाने ताजा शिक्का आणला आणि चाळीस मिनिटांपूर्वीची अख्खी पावती नव्यावर चढवली. बर्फ आला, बांगडा गेला. लॉगमध्ये एक ओळ नाही. आधीची आवृत्ती शोधायला गेलो तर काउचडीबीच्या आवृत्ती ३ पासून कॉम्पॅक्शन (जुन्या आवृत्त्यांची सफाई) आपोआप चालतं, त्याने ती केव्हाच झाडून टाकलेली.

आठ दिवसांनी नाखव्याने वही काढली. वहीत १४ टप. माझ्याकडे शून्य. मला काही बोलले नाहीत, फक्त वही माझ्यासमोर उघडी ठेवली. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

तर लायब्ररी पहिल्यापासून लिहितोय. प्रश्न असा: काय लपवावं आणि काय लपवू नये?

---

शून्यातूनएक · ४ जून, रात्री ११:३०

दादा, रत्नागिरीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या. काउचडीबी सगळं एचटीटीपीवरच, म्हणजे वेबसाइटच्या भाषेतच, बोलतो ना? मग लायब्ररी हवीच कशाला? सरळ कॉल मारायचा, जेसन (साध्या अक्षरांत मांडलेला डेटा) येतं, ४०९ दिसतो, विषय संपला.

---

घाटावरची · ५ जून, सकाळी ८:१५

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे. संध्याकाळी सविस्तर लिहिते, ऑफिसात मोंगोडीबीवर (हाही डॉक्युमेंट डेटाबेसच) हेच भोगते आहे.

---

जुनाखलाशी · ५ जून, दुपारी २:०५

@शून्यातूनएक, प्रश्न बाळबोध मुळीच नाही. काउचडीबीची नोडसाठीची (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टसाठीची) जी अधिकृत लायब्ररी आहे, नॅनो, ती जवळपास तेवढंच करते. कॉल मारते, आलेलं जेसन तुमच्या हातात देते, ४०९ आला तर ४०९ देते. पातळ लायब्ररीत एक प्रामाणिकपणा असतो. पण रांग, पुन्हा पाठवणं, ओळखपत्रं हे प्रत्येक ॲपने आपापलं लिहायचं ठरवलं तर सहा ठिकाणी सहा चुका होतात. म्हणून मधला थर लागतो.

@भरतीओहोटी, तुझी चूक नवी नाही, जुनी खानदानी आहे. मी लोटस नोट्सवर (ऑफिसांतलं ईमेल आणि सामायिक कागदपत्रांचं जुनं सॉफ्टवेअर) वाढलेला माणूस. काउचडीबी २००५ मध्ये सुरू करणारे डेमियन कॅट्झ हेही आधी लोटस नोट्सवरच काम करायचे, ही रेप्लिकेशनची, म्हणजे ठिकठिकाणच्या प्रती एकमेकींशी जुळवून घेण्याची, कल्पना तिथूनच आली. नोट्समध्ये दोघांनी एकच कागद वेगवेगळ्या ठिकाणी बदलला की यादीत त्या कागदाखाली ‘रेप्लिकेशन ऑर सेव्ह कॉन्फ्लिक्ट’ असा दुसरा कागद उगवायचा. लोक वैतागायचे. पण कागद हरवायचा नाही! दिसायला कुरूप, हिशेबाला चोख.

आता मुद्द्याचं. तुझं ‘जतन’ हो किंवा नाही एवढंच सांगतं. लिहिण्याचे निकाल तीन असतात:

झालं.
झालं नाही, आणि का ते माहीत आहे (४०९, परवानगी नाही, वगैरे).
कळलं नाही.

तिसरा निकाल सगळे विसरतात. तू पाठवलंस, सर्व्हरने लिहिलं, उत्तर परत येताना रेंज गेली. फोनच्या दृष्टीने टाइमआउट, सर्व्हरच्या दृष्टीने काम फत्ते. तुझी लायब्ररी याला ‘झालं नाही’ समजून पुन्हा पाठवते. आयडी सर्व्हरने द्यायची असेल, म्हणजे पोस्ट वापरत असशील, तर एकाच टपाच्या दोन नोंदी. आयडी फोननेच आधी ठरवून पुट केलं तर दुसऱ्या वेळी ४०९ येतो. मग वाचून बघायचं की आत आपलंच आहे का. आपलंच असेल तर ‘झालं’. इथे ४०९ ला झालं म्हणणं बरोबर आहे, आणि लायब्ररीने आपणहून गिळावा असा हा एकमेव ४०९.

---

घाटावरची · ५ जून, रात्री ९:४०

आले. काकांशी नव्वद टक्के सहमत, दहा टक्के भांडण.

भांडण असं की तुम्ही मंडळी अख्खं डॉक्युमेंट वाचता, अख्खं परत लिहिता आणि मग टक्कर झाली म्हणून रडता. मोंगोडीबीत मी पावती वाचतच नाही. ‘या पावतीच्या यादीत हा टप ढकल’, ‘बर्फाच्या रकमेत एवढे वाढव’ असा बदल पाठवते, सर्व्हर तो एका झटक्यात लावतो. बर्फवाला बर्फाला हात लावतो, वाळूवरचा टपांना. टक्करच नाही. तुमच्या लायब्ररीच्या तोंडावर ‘अख्खं डॉक्युमेंट द्या’ असं फंक्शन ठेवलंत, तिथेच निम्मी लढाई हरलात.

त्याची किंमतही सांगते. ‘एवढे वाढव’ हे दोनदा लागलं तर दुप्पट वाढतं. काकांचा तिसरा निकाल इथे जास्त चावतो. म्हणून मोंगोडीबीचे ड्रायव्हर, म्हणजे त्याच्या क्लायंट लायब्रऱ्या (४.२ च्या काळापासून हे मुळातच चालू असतं), अशा लिखाणाला सेशन आणि एक अनुक्रमांक चिकटवतात. उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर तेच लिखाण त्याच क्रमांकाने आणखी एकदाच पाठवतो. सर्व्हरने ते आधी केलेलं असेल तर तो पुन्हा लावत नाही. पुन्हा पाठवणं सुरक्षित असल्याची हमी सर्व्हर आणि क्लायंट दोघांनी मिळून द्यायची असते, एकट्या लायब्ररीच्या हुशारीने ती येत नाही. आणि हे रेप्लिका सेट किंवा शार्डेड क्लस्टर असेल तरच चालतं, एकट्या सर्व्हरवर नाही. हे आमच्या टीमला चाचणीच्या यंत्रावर तीन दिवस घालवल्यावर कळलं.

पण चाळीस मिनिटं रांगेत पडलेल्या कामाला ड्रायव्हर वाचवत नाही, हेही मान्य. ॲपने उद्या नव्याने पाठवलं तर सर्व्हरसाठी ते नवीनच काम.

---

रातांबा · ६ जून, सकाळी ७:२०

कुडाळहून लिहितेय. आमच्याकडे मासे नाहीत, आंबा-काजू आहे, पण रडगाणं तेच.

४०९ च्या भानगडीत एक जागा तुम्ही कोणीच बघत नाही आहात. आमच्या लायब्ररीत डॉक्युमेंट आलं की त्याचा छान टाइप बांधलेला ऑब्जेक्ट व्हायचा: बागायतदार, पेट्यांची संख्या, डझन, दर. मोसमाच्या मध्यात मी ॲपमध्ये ‘डागी’ नावाचा नवीन रकाना घातला, पेटीत डाग पडलेली फळं किती ते. निम्म्या लोकांनी ॲप अपडेट केलं. बाकीच्यांचं म्हणणं, ‘आता नको, मे संपू दे.’ बरोबरच आहे त्यांचं, पेट्या भरायच्या की ॲप अपडेट करायचं?

जुन्या ॲपने डॉक्युमेंट वाचलं. ‘डागी’ त्याच्या टाइपमध्ये नाही, म्हणून टाकून दिलं. दरात दुरुस्ती केली आणि परत लिहिलं. शिक्का ताजा, ४०९ नाही, सर्व्हर खूश. डागी गायब. नव्या ॲपवाल्याने पुन्हा भरलं, जुन्याने पुन्हा पुसलं. दोघं फोनवर भांडले, आणि दोघेही माझ्याकडे एकमेकांची तक्रार घेऊन आले.

तेव्हापासून माझा नियम: लायब्ररीला जो रकाना समजत नाही तो तिने जसाच्या तसा सांभाळायचा आणि परत लिहिताना जसाच्या तसा द्यायचा. ऑब्जेक्टच्या पोटात मूळ जेसन पडून राहू दे, जागा किती लागते त्याला? डॉक्युमेंट डेटाबेसला ‘स्कीमा (रकान्यांचा ठरलेला आराखडा) नाही’ म्हणतात ते खोटं आहे. स्कीमा असतो, फक्त तो गावभर पसरलेल्या फोनांत असतो, आणि प्रत्येक फोनात वेगळा.

तुझ्याकडे मासळीच्या नावांचंही बघ. तू तारली म्हणतोस, इथे पेडवे. तू सुरमई, इथे इसवण. कोळंबीची सुंगटां. लायब्ररीने यात पडू नये, पण तुझा माल आमच्या बाजाराला कधी जोडलास तर माका आठव.

---

सुकीमासळी · ६ जून, रात्री ८:०३

मला कोडिंगमधलं काही कळत नाही. आमच्या घरची होडी आहे आणि हे ॲप आम्ही वापरतो, म्हणून धागा उघडला. एकच विचारायचं आहे. पहाटे चारला लागलेल्या होडीची पावती आदल्या दिवशीच्या खात्यात का जाते? दर वेळी वडील विचारतात आणि मी सांगते ‘कंप्युटर आहे, चालायचंच’.

---

भरतीओहोटी · ६ जून, रात्री ८:२२

मेलो. ताई, हे पण माझंच. जेसनमध्ये तारीख असा प्रकारच नसतो, म्हणून माझी लायब्ररी वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलून तिची पहिली दहा अक्षरं ‘दिवस’ म्हणून ठेवते. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. पहाटे चार म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेदहा. साडेपाचच्या आधी लागलेली प्रत्येक होडी कालच्या दिवसात.

आता लायब्ररीत दोन वेगळे प्रकार करतो. ‘क्षण’ म्हणजे घड्याळातली वेळ, यूटीसीत. आणि ‘व्यवहाराचा दिवस’ म्हणजे साधी अक्षरं, माणसाने ठरवलेला, ज्याला कुठलाही टाइमझोन लागत नाही. एकातून दुसरा आपोआप काढायचं फंक्शन ठेवणारच नाही. वडिलांना सांगा, कंप्युटरची चूक नव्हती.

(पैशांचंही आत्ताच करून टाकतो: पूर्णांकात पैसे, वजन पूर्णांकात ग्रॅम. दशांश चिन्ह लायब्ररीच्या आत येणारच नाही. यावर चर्चा नको.)

---

भरतीओहोटी · ९ जून, रात्री ११:१०

तीन रात्री बसून नवा मसुदा केला. ‘जतन’ काढून टाकलं. त्याऐवजी:

बदल(कळ, कृती)

डॉक्युमेंट द्यायचंच नाही, त्याची कळ (ओळख) आणि कृती द्यायची. लायब्ररी ताजं डॉक्युमेंट आणते, कृतीच्या हातात देते, कृती त्यात बदल करून परत देते, लायब्ररी लिहिते. ४०९ आला तर पुन्हा ताजं आणून तीच कृती पुन्हा चालवते. बर्फवाल्याची कृती ‘बर्फ १,२०० लिही’ एवढीच असल्यामुळे ती ताज्या पावतीवर चालते आणि बांगडा शाबूत राहतो. पाउचडीबीच्या (काउचडीबीशी जुळवून घेणारा, फोनात किंवा ब्राउझरात चालणारा डेटाबेस) अपसर्ट प्लगइनमध्ये हाच विचार आहे, माझा शोध नाही.

एक गंमत झाली. कृती कितीही वेळा चालू शकते हे मी स्वतःच विसरलो आणि नाखव्याला एसएमएस पाठवायचं काम कृतीच्या आत ठेवलं. घरच्या नाखव्यावर, म्हणजे माझ्या काकांवर चाचणी केली. तीन एसएमएस गेले. काकांचा फोन: ‘अरे, तीनदा बर्फ घेतला काय मी?’

आणि जुनं दांडगाईचं फंक्शन अगदीच काढलेलं नाही. कधीकधी खरंच सगळं वरून लिहायचं असतं. पण त्याचं नाव आता ‘दामटून_लिही’ आहे. कोड वाचणाऱ्याला लाज वाटली पाहिजे.

---

रातांबा · १० जून, सकाळी ७:०१

दामटून_लिही 😂 नावातच अर्धं डॉक्युमेंटेशन. +१

---

शून्यातूनएक · १० जून, दुपारी ४:४५

दादा, मसुदा उतरवून घेऊन चालवून बघितला. एक शंका. नेट नसताना ‘बदल’ बोलावलं तर कृती रांगेत राहते. कृती म्हणजे फंक्शन. रांग फोनच्या मेमरीत आहे तोवर ठीक. पण मी ॲप मारून टाकलं आणि परत उघडलं तर रांग रिकामी. फंक्शन डिस्कवर लिहून ठेवता येत नाही ना? त्याच्या आत ज्या बाहेरच्या किमती धरलेल्या असतात त्या कुठे ठेवणार?

आधीचं ‘जतन’ चुकीचं लिहायचं, पण निदान रांग डिस्कवर होती. नव्यात बर्फही जाईल आणि बांगडाही.

---

घाटावरची · १० जून, सायंकाळी ५:१०

शाब्बास. मी हेच दोन वेळा वाचलं आणि मला दिसलं नाही.

---

भरतीओहोटी · १० जून, रात्री ९:००

... 

उद्या लिहितो.

---

जुनाखलाशी · ११ जून, सकाळी ६:३०

पोराने बरोबर दुखरी नस दाबली. उत्तर तुझ्या पहिल्या पोस्टमध्येच आहे, नाखव्याच्या वहीत.

वहीत कोणी खोडरबर वापरतं का? टप आला, ओळ लिहिली. बर्फ घेतला, ओळ लिहिली. चूक झाली तर आडवी रेघ मारून खाली नवीन ओळ. बेरीज शेवटी. तू मात्र बेरीज हेच डॉक्युमेंट केलंस आणि सहा जणांच्या हातात पेन दिलंस.

प्रत्येक ओळ हे वेगळं डॉक्युमेंट कर. त्यात बदल कधी होणार नाही, फक्त नवीन ओळी येतील. रांगेत ठेवायचं ते साधं जेसन, डिस्कवर खुशाल लिही. टक्कर नाही, कारण दोघं एकाच कागदावर लिहीतच नाहीत. पावती म्हणजे व्ह्यू (ओळींवरून डेटाबेसनेच बांधलेला गोषवारा): होडी आणि दिवस ही कळ, रिड्यूस या टप्प्यात बेरीज. काउचडीबी हे करायलाच बसलेला आहे.

म्हणजे लायब्ररीचं मुख्य फंक्शन ‘बदल’ नाही, ‘नोंदव’. बदल राहू दे, पण नेट असेल तरच चालेल, नसेल तर तोंडावर नाही म्हणेल. होडीचा पत्ता, भ्रमणध्वनी असल्या गोष्टींसाठी पुरतं.

लायब्ररी लिहिणाऱ्याच्या हातात मोठी ताकद असते ती हीच. सोपं काय आणि अवघड काय हे तू ठरवतोस, आणि लोक सोपं तेच करतात.

---

घाटावरची · ११ जून, सकाळी ९:३०

मोंगोडीबीतही शेवटी आम्ही इथेच आलो, पण वेगळ्या कारणाने. एका डॉक्युमेंटची मर्यादा १६ एमबी. यादीत ढकलत राहिलं की कधीतरी भिंत लागते.

एक भर: पाउचडीबी लावून खरं रेप्लिकेशन करणार असाल तर तिथे ४०९ येतच नाही. दोन्ही आवृत्त्या साठवल्या जातात आणि जिंकणारी ठरते ती ठरलेल्या नियमाने: जिचा इतिहास लांब ती, बरोबरी झाली तर जिचा शिक्का क्रमाने मोठा ती. सगळीकडे तीच जिंकते, पण ती बरोबर असते असं नाही. हरलेली आत पडून असते, मुद्दाम मागितली तरच दिसते. तुमच्या वाचायच्या फंक्शनने ती आपणहून मागावी.

---

भरतीओहोटी · ११ जून, रात्री १०:१५

पटलं, एकूणएक. आयडीही ठरवली: बंदर, दिवस, होडी, मग यादृच्छिक तुकडा. दिवस वर्ष-महिना-तारीख अशा क्रमाने, म्हणजे एका दिवसाच्या सगळ्या ओळी सलग बसतात आणि ‘इथपासून इथपर्यंत’ असं मागता येतं. यादीही तशीच पुढे नेणार. ‘पहिल्या पाच हजार सोडून पुढच्या द्या’ म्हटलं तर सर्व्हर त्या पाच हजार मोजत चालतो. त्यापेक्षा ‘या आयडीनंतरच्या द्या’. आणि ‘सगळ्या_आण’ हे फंक्शन काढलं. एकाने अख्खा मोसम फोनात ओढला होता, फोन तापून गार व्हायला बर्फात ठेवला. (विनोद नाही.)

---

रातांबा · १२ जून, सकाळी ७:४०

आयडीत होडीचं नाव? देवनागरीत? मग थांब. एक गजाल सांगते.

आमच्याकडे एका बागायतदाराच्या खात्यात ‘गोऱ्या’ हा शब्द होता आणि अर्ध्या नोंदी सापडेनात. डोळ्यांना दोन्ही सारखे. एका कीबोर्डने ऱ हे स्वतंत्र अक्षर दिलं, नंतर हलन्त. दुसऱ्याने साधा र, हलन्त, आणि मध्ये न दिसणारा जोडक. तिसऱ्या जुन्या फोनवर र खाली नुक्ता. पडद्यावर गोऱ्या, गोर्‍या, सगळं एकच. डेटाबेसला तीन वेगळी माणसं.

युनिकोडचं प्रमाणीकरण, एनएफसी म्हणतात ते, र आणि नुक्त्याला ऱ करून देतं. पण जोडकवाल्याला हात लावत नाही. त्याच्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. आणि जोडक सरसकट उडवायचा नाही! उडवलास की ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या जाऊन समुद्र येतो.

---

भरतीओहोटी · १२ जून, सकाळी ८:०५

ताई, पाया पडतो. आमच्याकडे ‘किनाऱ्याची राणी’ नावाची होडी आहे आणि तिची दोन खाती आहेत. मला वाटायचं दोन होड्या आहेत.

आयडीत आता होडीचा नोंदणी क्रमांक जाईल. नाव नुसतं दाखवायला, जसं टाइप केलं तसं. शोधासाठी बाजूला प्रमाणित रूप वेगळं साठवणार.

---

शून्यातूनएक · १२ जून, दुपारी १:३०

अवांतर: फंक्शनची नावं खरंच देवनागरीत ठेवणार का? पायथन ३ आणि जावास्क्रिप्ट दोन्हींत चालतात. पायथन नावांचं प्रमाणीकरण करतो, जावास्क्रिप्ट करत नाही. म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये दोन तऱ्हेचा ऱ असलेली दोन फंक्शनं सुखाने नांदतील.

---

जुनाखलाशी · १२ जून, दुपारी २:००

अवांतरावरून धागा भरकटण्याआधी सांगतो: नको. नावं इंग्रजीत ठेव, चुकांचे संदेश मराठीत ठेव. ‘कॉन्फ्लिक्ट’ बघून कोणी काही करत नाही. ‘ही नोंद तुमच्या आधी दुसऱ्या फोनने बदलली’ वाचून माणूस दुसऱ्या फोनकडे जातो.

आणि चाचणी कशी करणार ते सांग. एअरप्लेन मोड ही चाचणी नाही. त्यात विनंती जातच नाही. तुला विनंती पोचवून उत्तर खाणारा मधला दलाल हवा.

---

भरतीओहोटी · २० जून, रात्री ११:४५

दलाल लिहिला. पन्नास ओळींचा प्रॉक्सी आहे, दर तिसरं उत्तर खातो. तासाभरात जुन्या लायब्ररीने शंभर ओळींच्या एकशे एकतीस केल्या. नवीने शंभरच्या शंभर. आणखी एक सापडलं: प्रॉक्सी बंद करून चालू केला की सहाही फोन एकाच सेकंदाला पुन्हा पाठवायला लागायचे. वीज आल्यावर सगळे पंप एकदम सुरू होतात तसं. आता दर खेपेला थांबायचा वेळ दुप्पट, आणि त्यात थोडा यादृच्छिक भाग.

बदलांचा ओघ वाचतानाही एक पाचर होती. कुठपर्यंत वाचलं ती खूण मी आकडा समजून मोठी-लहान बघत होतो. काउचडीबी १ मध्ये तो आकडाच होता, २ पासून ती अपारदर्शक अक्षरमाळ आहे. दिली तशी ठेवायची, मागितली की परत द्यायची, आत डोकवायचं नाही.

---

भरतीओहोटी · १४ ऑगस्ट, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. १ ऑगस्टला परवानगी मिळाली तरी समुद्र खवळलेलाच होता. गेल्या चार दिवसांत होड्या नीट लागायला लागल्या. नवी लायब्ररी सहाही फोनांवर आहे. एकही ओळ हरवली नाही.

पण पहिल्याच संध्याकाळी वहीशी ताळा जुळला नाही. या वेळी माझ्याकडे जास्त. वहीत ३६ टप, माझ्याकडे ३९. वाळूवरच्या माणसानेही लिहिले आणि वजनकाट्यावरच्यानेही, तेच टप. प्रत्येक ओळ वेगळं डॉक्युमेंट, यादृच्छिक आयडी, टक्कर शून्य. लायब्ररीच्या दृष्टीने सगळं निर्मळ.

---

सुकीमासळी · १४ ऑगस्ट, रात्री ९:५०

आमच्या होडीवर तर टप भरला की त्यात नंबराची चिठ्ठी टाकतात, होडीवरच. लिलावातसुद्धा नंबर बोलूनच पुकारतात. तुमच्या ॲपमध्ये नंबर लिहायला जागाच नाही, म्हणून कोणी लिहीत नाही.

---

भरतीओहोटी · १८ ऑगस्ट, रात्री १०:२०

ताई, जागा केली. आयडीतला यादृच्छिक तुकडा काढला, तिथे चिठ्ठीचा नंबर. होडी, दिवस, टप ३७. दोघांनी तोच टप लिहिला की दुसऱ्याला ४०९ येतो. आतली ओळ त्याच फोनची असेल तर जुनाखलाशी काकांच्या नियमाने गप्प गिळतो. दुसऱ्या फोनची असेल तर पडदा लाल होतो: ‘टप ३७ आधीच लिहिला आहे. काट्यावरच्या फोनने, ६:४२ ला.’ ज्या ४०९ ची मला कटकट वाटायची, त्याचीच आता मुद्दाम वाट बघतो.

काल तीनदा वाजला. वहीत ४१, माझ्याकडे ४१.

---

सुकीमासळी · १८ ऑगस्ट, रात्री १०:३१

तीनातला एक आमचा होता. वडिलांनी स्वतः फोन घेतला होता, बघायला.